कळ आणि ठोका

‘ठोके कमी झाले, म्हणून सिझर करावं लागलं.’ बाळ बघायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. बाळंतिणीची आई सांगते, सासू सांगते, रात्रभर व्हरांड्यात फेऱ्या घातलेला नवरा सांगतो. ऐकणारा म्हणतो, ‘दोघं सुखरूप आहेत ना, मग झालं तर.’ आणि विषय तिथेच थांबतो.

तो तिथे थांबू नये असं मला मनापासून वाटतं. कमी झाले म्हणजे किती झाले? कळ चढत असताना कमी झाले, की कळ ओसरून गेल्यावर? पुन्हा वर आले का, आणि यायला किती वेळ लागला? तेव्हा बाई उताणी होती की कुशीवर? कळा वाढवण्याचं सलाईन चालू होतं का? यांची उत्तरं बदलली की त्याच एका वाक्याचा अर्थ बदलतो. एका ठिकाणी त्याचा अर्थ ‘दहा मिनिटं उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं’ असा असतो, आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बाईला कुशीवर वळवलं असतं तरी भागलं असतं’ असाही असू शकतो.

पोटातल्या बाळाचे ठोके म्हणजे त्याने दिलेलं उत्तर असतं. कशाला दिलेलं, हे ठाऊक नसेल तर हातात नुसता आकडा राहतो. प्रसूतीच्या वेळी बाळाला प्रश्न विचारते ती कळ. म्हणून ठोका कळायचा असेल तर आधी कळ समजून घ्यावी लागते.

बाळ पोटात श्वास घेत नाही. त्याची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि त्याला लागणारा सगळा प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेमार्फत येतो. आईच्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या जाड स्नायूतून वाट काढत वारेपर्यंत पोचतात आणि तिथे आपलं रक्त ओततात. वारेच्या बारीक फांद्या त्या रक्तात बुडालेल्या असतात. प्राणवायू त्या उचलतात आणि नाळेतून तो बाळाकडे जातो. कळ येते म्हणजे हाच स्नायू आवळला जातो. तो आवळला की त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात आणि जोराच्या कळेच्या ऐन भरात वारेकडे जाणारा ओघ जवळपास थांबतो. कळ ओसरली की ओघ पुन्हा सुरू होतो. भरात आलेल्या प्रसूतीत कळ पाऊण ते एक मिनिट टिकते आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा येते. असं कित्येक तास चालतं.

विहिरीत सूर मारणाऱ्या पोराकडे पाहा. बुडी मारताना त्याचा श्वास बंद असतो, वर आलं की ते छाती भरून हवा घेतं आणि पुन्हा सूर मारतं. धडधाकट पोर असं तासभर खेळतं आणि काठावर बसलेल्या आजोबांना त्याची चिंता वाटत नाही. आजोबांची नजर खिळलेली असते ती पोर वर आल्यावर किती धापा टाकतंय आणि पुढच्या बुडीआधी त्याचा दम भरून येतोय की नाही, यावर.

बाळालाही निसर्गाने या बुड्यांसाठी तयार केलेलं असतं. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं. आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ते प्राणवायू जास्त घट्ट धरतं, आणि त्याचं प्रमाणही जास्त असतं. पुरवठा आटला की बाळ आपलं रक्त मेंदू, हृदय आणि अधिवृक्क ग्रंथींकडे वळवतं आणि हातपाय, आतडी यांच्याकडचं कमी करतं. प्राणवायू उतरल्याची खबर मेंदूला लागली की व्हेगस हा मज्जातंतू हृदयाचा वेग उतरवतो, कारण सावकाश चालणाऱ्या हृदयाला स्वतःसाठी कमी प्राणवायू लागतो. म्हणजे ठोके कमी होणं ही बऱ्याचदा बाळाने टिकून राहण्यासाठी केलेली काटकसर असते. या एका गोष्टीकडे आपलं फार दुर्लक्ष होतं. ठोका उतरला की बाळ हरायला लागलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तेव्हा ते कळेशी झुंजत असतं. प्रश्न एवढाच, की ही झुंज त्याला पेलतेय का.

ते ओळखायचं कसं, याचा पहिला पद्धतशीर शोध घेतला तो अमेरिकेत येल विद्यापीठात काम करणाऱ्या एडवर्ड हॉन यांनी आणि उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरात रोबेर्तो काल्देइरो-बार्सिया यांनी. १९५८ साली हॉन यांनी बाळाच्या हृदयाच्या वेगाची इलेक्ट्रॉनिक नोंद प्रसिद्ध केली. ठोक्यांतल्या उतारांना त्यांनी जी नावं दिली ती आजही वापरात आहेत, आणि ती उताराच्या खोलीवरून दिलेली नाहीत. ती दिली आहेत कळेशी असलेल्या वेळेच्या नात्यावरून.

कळेबरोबर सुरू होणारा, तिच्या भरात तळ गाठणारा आणि तिच्याबरोबरच संपणारा उतार हा ‘लवकरचा’. बाळाचं डोकं खाली दाबलं जातं, त्याने व्हेगस चेतवला जातो आणि ठोका मंदावतो. याने बाळाचं काही बिघडत नाही. दुसरा ‘उशिराचा’. कळ भरात येऊन गेल्यावर ठोका तळाला जातो आणि कळ संपून गेली, पोट मऊ पडलं, तरी तो लगेच वर येत नाही. हे पोर बुडीतून वर आलंय, पण त्याचा दम भरत नाहीये. कळेमागून कळ असंच होत राहिलं तर वारेकडून येणारी शिदोरी कमी पडतेय असं समजावं. विशेष म्हणजे हा उतार फार खोल नसतो. १४० वरून १२५ पर्यंतच गेलेला असेल. नुसता आकडा पाहणाऱ्याला १२५ म्हणजे सगळं ठीक वाटेल.

तिसरा उतार कळेशी नेमका जुळत नाही. कधी आधी, कधी मध्ये, अचानक खाली जातो आणि तितक्याच झटक्यात वर येतो. हा नाळ दाबली गेल्याचा. नाळेतली पातळ भिंतीची शीर आधी दबते, मग धमन्या दबतात. धमन्या दबल्या की बाळाचा रक्तदाब एकदम वाढतो आणि त्याला आवर घालण्यासाठी हृदय मंदावतं. ‘गळ्याभोवती नाळेचा वेढा होता’ हेही आपल्याकडचं नेहमीचं वाक्य. दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती जन्मताना असा वेढा सापडतो आणि त्यांतली बहुतेक बाळं काही त्रास न होता जन्माला येतात. या जातीचा उतार ८० पर्यंत गेला तरी तो थोड्या वेळाचा असेल, लगेच सावरत असेल आणि दोन उतारांच्या मधे बाळ टवटवीत असेल, तर थांबता येतं. म्हणजे १२५ ने झोप उडावी आणि ८० ने धीर धरावा, असे दोन्ही प्रसंग एकाच प्रसूतीकक्षात शेजारशेजारच्या खाटांवर दिसू शकतात.

‘दोन उतारांच्या मधे टवटवीत’ म्हणजे काय, तेही पाहू. निरोगी बाळाचा ठोका एका आकड्यावर स्थिर नसतो. वेग वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या मज्जातंतूंची ओढाताण अखंड चाललेली असते, त्यामुळे मिनिटाच्या आतच तो पाच ते पंचवीस ठोक्यांनी वर-खाली होत राहतो. बाळ हललं की पंधरा-वीस ठोक्यांनी उसळी मारतो. ही चुळबुळ हृदयाची नसून मेंदूची आहे. मेंदूला प्राणवायू पुरतोय, मज्जासंस्था जागी आहे, ही खबर आपल्याला हृदयाच्या मार्गाने मिळते. आकडा १४० असेल, अगदी पुस्तकातला, पण कागदावर उमटणारी ठोक्यांची रेघ तासभर सपाट असेल, तर अनुभवी डॉक्टर उठून उभे राहतात. आधी ते हेही तपासतात, की बाळ झोपलंय का, आईला गुंगीचं इंजेक्शन दिलंय का. पोटातलं बाळ वीस ते चाळीस मिनिटांच्या डुलक्या काढतं आणि त्या वेळात रेघ शांत असते. ‘एनएसटी’, म्हणजे हीच रेघ काढून पाहण्याची तपासणी, वीस मिनिटांत ‘चांगला आला नाही’ म्हणून रडू कोसळलेल्या कितीतरी मुलींना एवढंच सांगायला हवं असतं, की जरा थांबू, ते उठलं की पुन्हा पाहू.

गर्भारपणात ठोक्यांचा आकडा स्वतःहूनही बदलत जातो. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीवर हृदयाची फडफड दिसू लागते. तेव्हा वेग मिनिटाला शंभर-एकशेदहाच्या आसपास असतो. नवव्या आठवड्याला तो एकशेसत्तरच्या घरात जातो आणि मग मज्जातंतूंचा लगाम पक्का होत जाईल तसा सावकाश खाली येतो. दिवस भरत आले की ११० ते १६० ही नेहमीची मर्यादा. सातव्या-आठव्या आठवड्यात १५० आणि नवव्या महिन्यात १५० यांचा अर्थ म्हणूनच एक नाही. आणि हा आकडा मुलगा की मुलगी हे सांगत नाही. ‘१४० च्या वर म्हणजे मुलगी’ हा हिशेब अजून चालतो, पण तो तपासून पाहिलेला आहे आणि खोटा ठरलेला आहे. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला. १९९४ साली देशासाठीही तसा कायदा झाला. ज्या राज्यात असा कायदा करावा लागला, तिथे ठोक्यांवरून लिंग ओळखण्याचा खेळ कुणी गमतीनेही खेळू नये. ती गंमत कुणाच्या तरी जिवावर बेतते.

माणसाने हे ठोके ऐकायला सुरुवात करून दोनशेच वर्षं झाली, याचं मला नवल वाटतं. आईच्या पोटाला कान लावायला कुठलंही यंत्र लागत नाही. तरी वैद्यकाच्या दप्तरी ठसठशीत नोंद आहे ती जिनिव्हाचे शल्यवैद्य फ्रांस्वा मायोर यांची, १८१८ सालची. त्यानंतर पॅरिसमध्ये ल जुमो द केर्गाराडेक यांनी, लेनेक यांचा नुकताच निघालेला स्टेथोस्कोप एका गर्भवतीच्या पोटावर टेकवला. बाळ हलताना गर्भजलाचा खळखळाट ऐकू येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पाण्याचा आवाज आला नाही, पण मिनिटाला १४३ ते १४८ च्या वेगाने पडणारे ठोके ऐकू आले. आईची नाडी त्याच्या निम्म्याने होती. १८२१ च्या डिसेंबरात त्यांनी हे पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडलं आणि एक प्रश्नही विचारला, की या ठोक्यांत होणाऱ्या बदलांवरून बाळाची प्रकृती ओळखता येईल का? बाळ जिवंत आहे की नाही, जुळं आहे का, हे प्रश्न त्यांच्या यादीत होतेच. पण ‘बदलांवरून’ हा त्यांचा रोख पुढच्या दोनशे वर्षांना पुरला.

१८३३ मध्ये डब्लिनच्या एव्हरी केनेडी यांनी या ऐकण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. १८९५ मध्ये अडॉल्फ पिनार यांनी ते सुबक नळकांडं बनवलं, जे आजही उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या पिशवीत फीटोस्कोप म्हणून असतं. त्याचं रुंद तोंड पोटावर आणि दुसरं टोक कानावर ठेवायचं, आणि हात काढून घ्यायचा. हाताने धरलं तर बोटांचा आवाज मिसळतो. त्याआधी पोट चाचपून बाळाची पाठ कुठे आहे ते शोधायचं, कारण ठोके पाठीच्या बाजूने, खांद्यापाशी सर्वांत स्पष्ट येतात. डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली, पायाळू असेल तर बेंबीच्या वर. म्हणजे ठोके ऐकायला बसलेल्या नर्सबाईला आधी बाळ कसं वसलंय ते हाताने कळून घ्यावंच लागतं. दुसऱ्या हाताची बोटं आईच्या मनगटावर, तिची नाडी आणि बाळाचा ठोका यांत गल्लत होऊ नये म्हणून. ही सगळी कृती मला फार मोलाची वाटते. तिच्यात कान, दोन्ही हात आणि घड्याळ एकाच वेळी कामाला लागतात आणि कळ आली की पोटावरच्या हाताला ती आधी कळते.

डॉप्लरने हे सोपं केलं. दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून ठोके ऐकू येऊ लागले, शिवाय ते आईलाही ऐकू येऊ लागले. यात फार मोठा आनंद आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. पण डॉप्लरमधून येतो तो हृदयाचा आवाज नव्हे. हलणाऱ्या वस्तूवर आदळून परतलेल्या ध्वनिलहरींत जो फरक पडतो, त्याचा यंत्राने केलेला आवाज असतो तो. हलणारं जे समोर येईल त्याचा आवाज यंत्र करतं, मग ते बाळाचं हृदय असो, वारेतला प्रवाह असो की आईच्या पोटातली धमनी. कळांच्या श्रमात आईची नाडीही शंभर-एकशेवीसवर जाते. आता काही हजारांत घरगुती डॉप्लर मिळतात. बाळ आज कमी फिरतंय असं वाटलं की यंत्र लावायचं, धकधक ऐकू आली की निश्चिंत झोपायचं. यातला धोका डॉक्टरांनी २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका हकिगतीतून मांडला होता. नवव्या महिन्यातल्या एका बाईला बाळाची हालचाल कमी वाटत होती, घरच्या यंत्रावर ठोके ऐकून ती थांबली, आणि इस्पितळात गेली तेव्हा बाळ गेलेलं होतं. तिने ऐकलेला आवाज बहुधा तिच्याच रक्तप्रवाहाचा होता.

समजा तो बाळाचाच असता, तरी त्याने काय सांगितलं असतं? या क्षणी हृदय चालू आहे, एवढंच. शिदोरी कमी पडू लागलेलं बाळ आधी हालचाल आवरतं, पण हृदय त्यानंतरही चालू असतं. म्हणून कळा सुरू होण्याआधीच्या महिन्यांत, घरी, आईला मिळणारं खरं उत्तर हालचालीत आहे. सातव्या महिन्यानंतर प्रत्येक बाळाची फिरण्याची आपली एक तऱ्हा बसलेली असते, ती आईला ठाऊक होते, आणि तिच्यात घट पडली तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही. ‘नववा लागला की जागा कमी पडते, बाळ कमीच फिरतं’ ही समजूत घराघरांत सांगितली जाते. ती चुकीची आहे. लाथेची जात बदलते, जोराच्या ढुशीऐवजी वळणं जाणवतात, पण बाळ गप्प होत नाही.

आता पट्ट्याच्या यंत्राकडे येऊ. त्याचा जन्म एका निराशेतून झाला. १९६८ साली अमेरिकेत २४,८६३ प्रसूतींच्या नोंदी तपासून निष्कर्ष निघाला, की कानाने मोजलेल्या ठोक्यांवरून बाळाचा त्रास खात्रीने ओळखता येत नाही. ठोका अगदीच तळाला गेला तरच काय ते कळतं. नुसता आकडा बोलत नाही, हे तिथे सिद्धच झालं. त्याच वर्षी पहिलं विक्रीचं यंत्र बाजारात आलं. पोटावर दोन पट्टे, एक ठोक्यांचा, एक कळेचा. कागदावर दोन रेघा, वरची बाळाची, खालची गर्भाशयाची. तासन्‌तास, एकही ठोका न चुकवता. प्रसूतीत होणारी मेंदूची इजा आता इतिहासजमा होईल, अशी आशा त्या पिढीच्या डॉक्टरांनी धरली आणि ती आशा निर्मळ होती.

डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलने ती मोठ्या प्रमाणावर तपासली. १९८५ साली निकाल आला. १२,९६४ बायकांपैकी निम्म्यांना सलग यंत्र लावलेलं, निम्म्यांचे ठोके ठरावीक वेळाने कानाने ऐकलेले. दोन्ही गटांत चौदा-चौदा बाळं दगावली. जन्मानंतर झटके आलेली बाळं यंत्राच्या गटात बारा, दुसऱ्यात सत्तावीस. हा फायदा खरा होता आणि तो नाकारता येत नाही. पण चार वर्षांनी मुलं पाहिली तेव्हा सेरेब्रल पाल्सीच्या प्रमाणात फरक सापडला नाही. मग इतर देशांतले प्रयोग एकत्र केले गेले. तेरा प्रयोग, ३७,००० हून जास्त बायका. निष्कर्ष तोच, आणि एक भर. सलग यंत्र लावलेल्या गटात सिझेरियनचं प्रमाण दीडपटीहून जास्त होतं. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. या सगळ्यांचं कारण ठोके नाहीत, हे उघड आहे. पण काहींचं नक्कीच आहे.

एकही ठोका न चुकवणारं यंत्र असं का हरलं? डॉक्टरांनी १९८७ सालचा एक छोटा प्रयोग लक्षात ठेवलेला आहे. चार प्रसूतितज्ज्ञांना पन्नास कागद वाचायला दिले. चौघांचं एकमत झालं ते फक्त २२ टक्के कागदांवर. दोन महिन्यांनी तेच कागद त्याच डॉक्टरांना दिले, तेव्हा २१ टक्के कागदांबाबत त्यांनी स्वतःचंच मत बदललं. डॉक्टर नेटके होते. कागद अपुरा होता. खालच्या रेघेचा पट्टा कळ केव्हा आली ते सांगतो, किती जोराची ते सांगू शकत नाही, आणि बाई वळली की तो सरकतो. मग वर उत्तरांची लांबच लांब पट्टी छापली जाते आणि खाली प्रश्न अर्धवट पुसलेला असतो. पोटावरच्या हाताला कळेचा जोर कळत होता. बाई घाबरलीय, तिला पाणी हवंय, ती मघापासून उताणी पडलीय, हे शेजारी बसलेल्या माणसाला दिसत होतं. कागदावर यातलं काहीच येत नाही.

उताणी पडण्याचं तर फारच महत्त्वाचं. दिवस भरलेलं गर्भाशय उताण्या बाईच्या पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर दाब देतं. हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, आईचा रक्तदाब उतरतो, वारेकडचा ओघ आटतो आणि बाळाचे ठोके कमी होतात. आणि पट्टे नीट बसावेत म्हणून बाईला हलू न देता ठेवलं जातं ते बहुधा उताणंच. जी अवस्था टिपायला यंत्र लावलं, ती त्या लावण्यानेच तयार होऊ शकते. कळांच्या सलाईनचंही तसंच. ऑक्सिटोसिनचे थेंब वाढवत नेले की कळा दाटीने येतात. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा आल्या तर दोन कळांमधला दम भरायचा वेळच उरत नाही. असे ठोके उतरले तर पहिला उपाय शस्त्रक्रियेचा नाही. बाईला डाव्या कुशीवर वळवा, सलाईनमधलं औषध बंद करा, रक्तदाब पाहा, आणि पुढच्या दोन-तीन कळांवर ठोके ऐका. पुष्कळदा ठोके सावरतात.

आणि कधी ते सावरत नाहीत. नाळ बाळाच्या आधी खाली घसरते, वार जागची सुटते, आधीच्या सिझरचा टाका गर्भाशयात उसवतो. ठोके शंभराच्या खाली जातात आणि तिथेच राहतात. तिथे मिनिटं मोजावी लागतात. त्या वेळी थिएटरकडे धावणाऱ्या डॉक्टरांना ‘थांबा, जरा कुशीवर वळवून बघा’ असं म्हणत बसणं हा गुन्हा ठरेल. ऐकण्याचं सगळं शिक्षण शेवटी ही दोन प्रकारची उत्तरं वेगळी ओळखता यावीत यासाठीच असतं. डब्लिनमध्ये यंत्र लावूनही सिझेरियन फारसे वाढले नाहीत. तिथे कागद संशयास्पद दिसला की बाळाच्या डोक्यावरून रक्ताचा थेंब घेऊन त्यातली आम्लता पाहत. बर्लिनच्या एरिक झालिंग यांनी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला काढलेली ही पद्धत. आणि दुसरं, तिथे कळा देणाऱ्या प्रत्येक बाईजवळ तिची म्हणून एक सुईण असायची. पहिली सोय आपल्या बहुतेक दवाखान्यांत नाही. दुसरी करता येण्यासारखी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलं, की निरोगी बाईच्या आपोआप सुरू झालेल्या बाळंतपणात सलग यंत्र लावू नये. डॉप्लरने किंवा नळकांड्याने ठरावीक वेळाने ऐकावं. कळा भरात आल्या की दर पंधरा ते तीस मिनिटांनी, जोर करायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. प्रत्येक वेळी किमान मिनिटभर, कळ चालू असताना आणि ती संपल्यावर निदान अर्धं मिनिट, आईच्या नाडीवर बोटं ठेवून. हिशेब करून पाहा. कळेची वाट पाहणं, ठोका शोधणं, ऐकणं, लिहिणं, हे चार मिनिटांत उरकत नाही. एका सिस्टरकडे चार बायका असतील तर तिची पंधरा मिनिटं यातच संपली. त्यांतली एक जोर करू लागली की बाकीच्या तिघींचे ठोके ऐकायला कुणी उरत नाही. यंत्र एकदा विकत घेतलं की झालं, माणसाचं पद मात्र मंजूर करावं लागतं, भरावं लागतं, दरमहा पगार द्यावा लागतो. म्हणून यंत्र येतं आणि पद रिकामं राहतं. ठोके कान लावून ऐकले गेले नाहीत तर त्याचा दोष मी त्या एकट्या सिस्टरवर कधीच ठेवणार नाही.

त्याच संघटनेने २०२० साली प्रसूतीकक्षासाठी नवा तक्ता काढला. बिघाडाची खूण दिसली की त्या नोंदीभोवती गोल काढायचा, अशी त्याची रीत. बाळाचे ठोके, उतार कुठल्या जातीचा, गर्भजलाचा रंग, हे सगळं त्यात आहे, पण तिसऱ्या भागात. त्याआधीचा भाग आईचा. जवळ सोबतीला कुणी आहे का, दुखणं हलकं करायला काही दिलं का, तोंडाने पाणी-पेज घेतेय का, कशी बसलीय किंवा झोपलीय. सोबतीला कुणी नसेल तर गोल. उताणी असेल तरीही गोल, बाळाचे ठोके त्या वेळी कितीही चांगले असोत.